पेटीशेजारची गिटार

अहिल्यानगरहून दौंड रस्त्याला लागलं की दहाएक किलोमीटरवर अरणगाव येतं आणि गावाशेजारीच मेहेराबादची टेकडी. तिथे मेहेरबाबांची समाधी आहे. सकाळ-संध्याकाळ आरती होते, आणि आरती आटोपली की ज्याला जे येतं ते तो गातो. कुणी मराठी भजन म्हणतं, कुणी गझल, कुणी इंग्रजी गाणं. साथीला कधी पेटी असते, कधी गिटार. बाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवेपर्यंत पाळलं. पण गाण्याची आवड अशी की त्यांना समाधी देताना त्यांच्याच इच्छेप्रमाणे कोल पोर्टर या अमेरिकी संगीतकाराचं ‘बिगिन द बिगीन’ वाजवलं गेलं. ‘द हू’ या ब्रिटिश बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड हा त्यांचा अनुयायी. त्या बँडच्या १९७१ सालच्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्यातले ‘बाबा’ म्हणजे हेच. जगभरच्या रॉकवेड्यांना माहीत असलेल्या गाण्याचं नाव नगरच्या वेशीवरून गेलेलं आहे. नगरच्या किती गिटारवाल्या पोरांना हे ठाऊक असतं, ते सोडा.

नगरमध्ये गिटारला दुसरी जुनी जागा आहे ती चर्चमधली, आणि तिच्यामागे एक भांडण आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणं मांडलं तेव्हा मिशनऱ्यांबरोबर त्यांच्या चालीही आल्या. त्या चालींत मराठी शब्द बसवायचे तर ऱ्हस्व अक्षर ताणावं लागतं, नको त्या अक्षरावर आघात येतो, आणि भक्तीचं पद कवायतीच्या हुकमासारखं ऐकू येतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पुढची बरीच वर्षं नगर-राहुरी भागात राहिले, आणि त्यांनी ख्रिस्ताची भक्ती मराठी माणसाच्या तोंडात बसेल अशा अभंगांत आणि पदांत लिहिली. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात ती पदं आजही आहेत. म्हणजे बाहेरून आलेलं संगीत आपल्या गळ्याला कसं लावून घ्यायचं, या प्रश्नाशी नगरने शंभर वर्षांपूर्वीच झटापट केलेली आहे. त्याच पदांना आता पेटी-तबल्याच्या जोडीला गिटारही धरलेली दिसते.

या दोन्ही जागांत एक गोष्ट सारखी आहे. तिथे गिटार एकटी वाजत नाही, ती कुणाच्या तरी गाण्याला साथ देते. हौशी गिटारवादकाने नेमकं हेच उचलावं असं मला वाटतं. हौसेने गिटार घेतली जाते, मोबाईलवरचे धडे पाहून चार कॉर्ड बसतात, एका गाजलेल्या हिंदी गाण्याची सुरुवात जमते, आणि तिथेच गाडी अडते. घरच्यांना ती सुरुवात पाठ होते, वाजवणाऱ्याला कंटाळा येतो, गिटार कपाटावर जाते. दोष बोटांना दिला जातो किंवा ‘आपल्याला कानच नाही’ म्हणून सोडून दिलं जातं. खरं तर नगर जिल्ह्यात असं गाव शोधूनही सापडायचं नाही जिथे आठवड्यातून एकदा तरी चार माणसं एकत्र बसून गात नाहीत. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे याच जिल्ह्यात, शिर्डीही इथलीच. गाणारे आहेत, गिटारवाला आहे, आणि दोघे एकमेकांना भेटत नाहीत. साथ करायची म्हटलं की काय शिकायचं आणि काय सोडायचं हे आपोआप ठरतं. सगळ्या व्यावहारिक सूचना त्यातूनच निघतात.

पण साथीला बसण्याआधी वाद्याकडे पाहू, कारण बोटांच्या नावावर खपवलेल्या तक्रारींतल्या पुष्कळशा वाद्याच्या असतात. स्वस्त गिटार दुकानातून येते तेव्हा तिच्या तारा बऱ्याचदा फ्रेटपासून फार उंच असतात. कंपासपेटीतली पट्टी घ्यावी आणि बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजावं. स्टीलच्या तारांच्या गिटारवर सगळ्यांत जाड तारेखाली अडीच मिलिमीटर आणि सगळ्यांत बारीक तारेखाली दोन मिलिमीटर हे सोयीचं माप. साडेतीनच्या वर गेलं तर बोटं सोलणारच. तार ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकते तिला सॅडल म्हणतात. ती बाहेर काढून तळाकडून पॉलिश पेपरवर सपाट घासता येते. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे एक मिलिमीटर उतरवायचा असेल तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते. थोडं घासा, बसवा, मोजा, पुन्हा घासा; जास्त घासली गेली तर नवी सॅडल आणण्यावाचून इलाज नाही. दुसरी जागा म्हणजे वर खुंट्यांजवळचा नट. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली असता पहिल्या फ्रेटच्या वर जेमतेम कागद सरकेल एवढी फट हवी. एफचा बार कॉर्ड अनेकांना रडवतो, त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा आणि तोच आकार एक फ्रेट वर सरकवून धरा. आता तो एकदम सोपा वाटला तर तुमच्या बोटांची काही चूक नव्हती, नटच्या खाचा उथळ होत्या. हे काम मात्र घरच्या कानशीने करू नये, वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे न्यावं.

मग हवा. गिटारच्या पुढच्या फळीची जाडी साधारण तीन मिलिमीटर, आणि तिच्यावर सहा तारांचा मिळून पन्नास ते सत्तर किलोंचा ताण. लाकूड कोरड्या हवेत आडव्या अंगाने आकसतं आणि दमट हवेत फुगतं. फळी आकसली की खाली बसते, तारा उतरतात आणि फ्रेटला लागून खरखरतात. गळ्याच्या कडेने हात फिरवला तर फ्रेटची टोकं टोचतात. फळी फुगली की वर येते, तारा चढतात. नगर जिल्हा याबाबतीत विचित्र आहे. बराचसा भाग पर्जन्यछायेत, कर्जत-जामखेडकडे कोरडी हवा, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. आणि त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे असा पाऊस की भिंतींना शेवाळ धरतं. पुस्तकात लिहिलेली ‘आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा’ ही सूचना घाटघरला आणि जामखेडला एकाच अर्थाने पाळता येत नाही. कोरड्या भागात साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवावा आणि ती डबी गिटारच्या पेटीत टाकावी. पावसाळी भागात सिलिका जेलच्या पुड्या. काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक पेटीत असला तर अंदाजावर राहावं लागत नाही. कूलरसमोरच्या भिंतीवर गिटार टांगणं सगळ्यांत वाईट, दिवसभर दमट झोत आणि कूलर बंद झाला की रखरख. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ठेवली तर ब्रिजखालचा डिंक मऊ पडून ब्रिज उचकटतो. प्लायच्या फळीची स्वस्त गिटार हे सगळं घन लाकडाच्या महाग गिटारपेक्षा जास्त सोसते, हे ऐकून पुष्कळांना हायसं वाटेल. तारांचं म्हणाल तर वाजवून झाल्यावर जुन्या सुती पंच्याने खालून-वरून पुसाव्यात. काळ्या पडल्या, खरबरीत झाल्या की बदलाव्यात. सुरुवातीला दहाच्या गेजचा हलका संच पुरे. आणि नायलॉनच्या गिटारवर स्टीलच्या तारा कधीच चढवू नयेत, तो ताण तिला पेलत नाही.

आता साथ. गाणारा माणूस ‘जी मेजर’ म्हणत नाही, तो म्हणतो, ‘काळी चार द्या’. मराठी गिटारवादकाने पहिल्या महिन्यातच हा हिशेब तोंडपाठ करावा. पेटीवरची पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी. कॅपो एक फ्रेट वर सरकला की सूर पेटीवरच्या लगतच्या पट्टीवर जातो. काळी एकला गाणाऱ्या बुवांसाठी सीचे कॉर्ड धरून कॅपो पहिल्या फ्रेटवर. काळी दोन हवी असेल तर डीचे कॉर्ड आणि कॅपो पहिल्यावर, किंवा सीचे कॉर्ड आणि कॅपो तिसऱ्यावर. काळी चारला गाणाऱ्या ताईंसाठी जीचे कॉर्ड, कॅपो पहिल्यावर; काळी पाचला तेच कॉर्ड, कॅपो तिसऱ्यावर. एवढ्यात मैफल निभते. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे, चिकटून लावावा आणि लावल्यावर तारा पुन्हा तपासाव्यात, कारण त्याच्या दाबाने सूर किंचित चढतो. कॅपो म्हणजे आळशाची काठी असं काही शिकवणारे म्हणतात. पेटीवाल्याला पट्टी बदलायला काहीच लागत नाही, मग गिटारवाल्याने गाणाऱ्याला ‘तुम्ही माझ्या सोयीच्या सुरात गा’ म्हणावं हे कुठलं शास्त्र?

ताल तर आपल्या अंगातच असतो, फक्त तो हाताला सांगावा लागतो. परदेशी धड्यांत ‘खाली, खाली-वर, वर-खाली’ असे फटक्यांचे साचे शिकवतात आणि आपण ते शब्दाला न जुमानता मराठी गाण्यावर मारत बसतो. त्यापेक्षा तबल्याचे बोल धरावेत. केरवा आहे: धा गे ना ती, ना क धी न. धा वर अंगठ्याने जाड तार, तिसऱ्या मात्रेच्या ना वर बारीक तारांवर हलका फटका, पाचव्या मात्रेच्या ना वर पुन्हा तसाच, आणि धी वर परत जाड तार. तबलजी डाव्या हाताचा घुमारा जिथे देतो तिथे आपली जाड तार, तो जिथे डग्गा मुका ठेवतो तिथे आपणही खर्ज गप्प ठेवायचा. दादऱ्याला धा धी ना, धा ती ना: पहिल्या धा वर खर्ज, पुढच्या दोन मात्रांना हलके स्पर्श, चौथ्या मात्रेवर खर्ज पण दबका. तोंडाने बोल म्हणत, गिटारवर एकच कॉर्ड धरून हे पाच मिनिटं वाजवावं. डाव्या हाताला कॉर्ड बदलायचे नसल्यामुळे उजवा हात लवकर शहाणा होतो. हौशी वादकाचा डावा हात चुकला तर लोक माफ करतात. लय सुटली तर गाणाराच थांबतो.

कॉर्डच्या बाबतीत मात्र थोडा विचार हवा. सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे या तीन जोडण्या केल्या की सातही शुद्ध स्वर त्यांत येऊन जातात. सीच्या पट्टीत त्याच सी, एफ आणि जी. म्हणून ‘तीन कॉर्डवर सगळी गाणी’ अशी म्हण गिटारवाल्यांत पडली आहे. पण आपल्याकडच्या कितीतरी सोप्या भजनांच्या चाली भूप रागाच्या अंगाने जातात, आणि भूपात म नाही, नी नाही. तिथे एफ धरला की गाणाऱ्याने मुद्दाम वगळलेला मध्यम आपण मागून कानात कोंबतो. चाल बिघडली असं कुणी म्हणत नाही, पण काहीतरी ‘फिल्मी’ झालं असं सगळ्यांना वाटतं. त्याऐवजी सी आणि ए मायनर एवढेच धरावेत. ए मायनर म्हणजे ध-सा-ग, तिन्ही स्वर भूपातले. पंचमावर जायचं असेल तर जीमधला नी गाळून फक्त प आणि रे वाजवावेत. भैरवीला ई मायनर आणि एफ: ई हा सा मानला तर ई मायनर म्हणजे सा, कोमल ग, प, आणि एफ म्हणजे कोमल रे, म, कोमल ध. बार कॉर्ड जमत नसेल तर पहिली तार मोकळी सोडून छोटा एफ धरावा, त्यात सा मिसळतो आणि भैरवीला तो शोभतो. कॉर्डच नको वाटले तर तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावाव्यात. त्यासाठी सहावी, दुसरी आणि पहिली तार प्रत्येकी एक पूर्ण स्वर उतरवायची. डेव्ही ग्रॅहम या इंग्लिश वादकाने १९६० च्या दशकात ही जुळणी रूढ केली. आपल्या भाषेत ती सा-प-सा-म-प-सा अशी होते. नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी पांढरी दोनचा तंबोरा मिळतो, मध्यमही हाताशी.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे. गिटारचे फ्रेट बारा समान भागांत कापलेले, त्यांत श्रुती नाहीत, मींड नाही. मराठी गाण्याशी तिचं जमायचं कसं? आक्षेप खरा आहे, आणि नेमका हाच पेटीवर घेतला गेला होता. आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी केली, ती १९७१ पर्यंत राहिली. त्या सगळ्या काळात महाराष्ट्रातली देवळं, कीर्तनं आणि नाटकं पेटीवरच चालली. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा माणूस याच बंदिस्त सुरांच्या वाद्यावर नाव काढून गेला. साथीच्या वाद्याला गळ्यातली प्रत्येक हरकत काढता आली पाहिजे असं नसतं. सूर धरून ठेवणं, लय सांभाळणं आणि गाणाऱ्याच्या वाटेत न येणं एवढं जमलं तरी पुष्कळ. शिवाय मींडेची हौसच असेल तर तारेवर गोटा सरकवून वाजवायची वाट मोकळी आहे. ब्रिजभूषण काबरा यांनी शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये ती वाट दाखवली, आणि विश्वमोहन भट यांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं ते त्याच वाटेवर पुढे जाऊन. पण तो वेगळा आणि लांबचा अभ्यास. रविवारच्या भजनासाठी तो लागत नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. आधी स्केल, बोटांचे व्यायाम, नोटेशन, परीक्षा, साथ नंतर. ज्याला व्यावसायिक व्हायचंय त्याच्यासाठी हा क्रम बरोबर आहे. हौशी माणसाजवळ दिवसाची वीस-पंचवीस मिनिटं असतात, आणि त्यांतून कॉर्ड वेळेवर बदलण्याचं कौशल्य आधी यायला हवं. हे कौशल्य एकट्याने वाजवताना येत नाही, कारण अवघड जागा आली की आपण नकळत सावकाश होतो आणि ती सरली की पुन्हा धावतो. दुसरा माणूस गात असला की ही चोरी लगेच उघडी पडते. मोबाईलवरचा धडा कितीही चांगला असला तरी तो तुमचं ऐकत नाही. सासूबाई ओव्या म्हणत असतील तर त्या ऐकतात, आणि चुकलं की थांबतातही. तेव्हा दहा मिनिटं व्यायाम जरूर करावा, पण उरलेला वेळ कुणाच्या तरी गाण्यामागे द्यावा. घरात कुणीच गात नसेल तर स्वतः गुणगुणावं, कशाही आवाजात.

एक पथ्य मात्र कडक पाळावं. गिटार सगळीकडे नेऊ नये. पखवाज आणि पंचवीस टाळांच्या भजनात तिचा आवाज कुणाला ऐकू येत नाही आणि तिथे तिची गरजही नाही. तो नाद स्वतःत पुरा आहे. तिथे अँप्लिफायर लावून घुसणं म्हणजे भरल्या ताटात आगंतुक वाढणं. घरातली आरती, महिला मंडळाची भजनं, चर्चमधली उपासना, शाळेचं स्नेहसंमेलन, टेकडीवरची सकाळ, जिथे माणसं थोडी आणि आवाज मोकळे, तिथे गिटारला जागा आहे. ज्यांचं भजन आहे त्यांना आधी विचारावं. पहिले दोन आठवडे फक्त सा-प धरावेत, कॉर्ड नंतर. बाजूच्या पेटीवाल्याने न सांगता तुमच्याकडे मान वळवली तर तुम्ही जास्त जोरात वाजवत आहात.

आणि त्या पेटीचं एक लक्षात ठेवावं. मोबाईलवरचा ट्यूनर ए हा सूर ४४० हर्ट्झ धरून चालतो. देवळातली जुनी पेटी तो आकडा मानेलच असं नाही, आणि पेटीच्या पट्ट्या तिथल्या तिथे चढवता-उतरवता येत नाहीत. जुळवून घ्यायचं ते गिटारनेच. सुरू होण्याआधी कॅपो काढून ठेवावा आणि पेटीवाल्या काकांना म्हणावं, ‘काका, जरा पांढरी सहा धरता का?’ मग पाचवी तार थोडी उतरवून खालून हळूहळू वर चढवत न्यावी. सूर जवळ आले की दोन्ही आवाज मिळून झोके घेतल्यासारखे डुलू लागतात, सेकंदाला चार, मग दोन, मग एक, आणि मग डुलणं थांबतं. त्या तारेवरून बाकीच्या लावाव्यात: सहाव्या तारेचा पाचवा फ्रेट म्हणजे पाचवी मोकळी, पाचवीचा पाचवा म्हणजे चौथी, चौथीचा पाचवा म्हणजे तिसरी, तिसरीचा चौथा म्हणजे दुसरी, दुसरीचा पाचवा म्हणजे पहिली. एवढं होईपर्यंत काकांनी पांढरी सहा सोडलेली नसते, भात्यावरचा त्यांचा हात दुखायला लागलेला असतो. त्यांना मान हलवून खूण करावी आणि मग विचारावं, आज कुठली पट्टी.